माप घ्यायच्या अंतरावरून

हुक उलटा लागला होता. ज्वारीच्या दाण्याहून जरासा मोठा, इवलासा पत्र्याचा हुक, पण तोंड भलतीकडे करून बसलेला, आणि महानंदा त्याच्याकडे असं बघत राहिली की जणू तो दुसऱ्याच कुणी लावला होता. सहांतला तिसरा. चौदाव्या वर्षी आईनं पहिल्यांदा सुई हातात दिली तेव्हापासून आज अठरावं सरत आलं, पण हुक कधी उलटा लागला नव्हता. तिनं ब्लेडच्या तुकड्यानं टाके कापले. समोर बसून काजं करणारी शांतम्मा, तिची आई, मान वर न करता म्हणाली की लक्ष ठिकाणावर नसलं की असंच होतं.

लक्ष होतं मशीनच्या खणात. तिथं अस्तराच्या तुकड्यांखाली एक पाकीट होतं, परभणीहून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती आलेलं, तेही तीन दिवस उशिरा, कारण नामांतराच्या बंदात गाड्याच निघाल्या नव्हत्या. ते तीन दिवस महानंदानं बंदाला मनातल्या मनात नावं ठेवली होती, आणि आता वाटत होतं की आणखी आठ दिवस चालला असता तर काय बिघडलं असतं… पाकिटात बारा फोटो होते. आठ बरे होते, बायकांच्या घोळक्याचे, लांबून घेतलेले, जो बघेल त्यानं आपापलं डोकं शोधून घ्यावं असे. उरलेले चार एकट्या सरजाचे. आणि त्या चारही फोटोंत सरजाला कपाळ नव्हतं.

भुवयांपर्यंत सगळं होतं. डोळे, नाक, ओठ, गळ्यातल्या जाईच्या माळा, सगळं जिथल्या तिथं, आणि भुवयांच्या वर कागदाची पांढरी कड. कपाळ गेलं म्हणजे कुंकू गेलं. सातव्या महिन्यातल्या सवाष्णीचा, डोहाळजेवणाचा फोटो, आणि त्यात कुंकू नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

आणि बन्सीधरनं सांगितलं होतं. हेच तर सलत होतं. परभणीला त्याचा स्टुडिओ. दिवाळीच्या सुमाराला तिनं त्याला मागचा पडदा शिवून दिला होता, चुण्यांचा, आभाळी रंगाचा, आणि त्या कामात तिचं निम्मं लक्ष त्याच्या कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्याकडे होतं. दोन डोळ्यांचा कॅमेरा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा, मशीनवर बसल्यावर खाली बघतो तसा. बन्सीधर तोंडानं फटकळ असला तरी माणूस सरळ. बायकांच्या कार्यक्रमात मला ओसरीच्या आत कोण घेतंय, तू जा, फिल्म धुवायला माझ्याकडे धाड, म्हणाला, कॅमेरा तिच्या हवाली केला, आणि एका दुपारी त्यानं तिला सगळं शिकवलं: श्वास धरायचा, उजेड पाठीशी ठेवायचा, आणि माणसाच्या जवळ गेलीस तर वर जास्त जागा सोडायची, कारण वरचा डोळा बघतो आणि खालचा डोळा घेतो, दोघांत चार बोटांचं अंतर आहे. तिनं मान डोलावली होती. कापडाला शिवणीपुरती माया सोडतात तसंच ना, असंही वर विचारलं होतं. शहाणी!

मग जागा का सोडली नाही?

…कारण झोपाळ्यावर सरजा बसली होती, हिरव्या शालूत, आणि तिच्या अंगातलं ब्लाउज महानंदाचंच होतं, बाजूच्या शिवणी दोनदा उसवून सैल केलेलं. सरजाला ती ओळखत होती ती टेपच्या अंतरावरून. गळ्याची खोली, खांद्याचा उतार, दंडाचा घेर… चेहऱ्याआधी तिला माणसाची मापं आठवत. चार हात लांब उभं राहून माणूस कसं दिसणार? ती पुढे गेली. आणखी पुढे गेली. कुणी अडवलं नाही, कारण शिवणारी पोर जवळ येते याची बायकांना सवय असते. काचेत डावं उजवीकडे दिसत होतं, पण सरजा पुरी दिसत होती, कपाळभर कुंकवासकट, अगदी काठाला टेकलेली, आणि गळ्याशी एक चुणीसुद्धा नव्हती. महानंदानं श्वास धरला. चारदा धरला.

खरं तर एकटीचा फोटो घ्यायचाच नव्हता मुळी. सासू नर्मदाबाई आधी नको म्हणाली होती, दृष्ट लागते म्हणून. दोन वर्षांपूर्वी सरजाचं पहिलं सातव्यातच गेलं होतं आणि ते दुःख सुनेइतकंच सासूनंही गिळलं होतं. मग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिनंच निरोप धाडला. सरजा बाळंतपणाला माहेरी, सोनपेठला जाणार, चार महिने घर सुनं राहणार, तर पोरीचा मोठा तोंडाचा एक फोटो भिंतीवर असू दे. उद्या सकाळच्या गाडीनं सरजा निघणार होती. म्हणजे फोटो आजच पोचवायला हवा.

काल पाकीट फोडल्यावर आईनं ते चार फोटो बराच वेळ हातात धरले होते. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"शिवलेलं उसवता येतंय, बाई," ती म्हणाली. "ह्ये कसं उसवशील?"

आणि मग शांतपणे सांगितलं की नर्मदाबाईनं फोटो परत केला तर सोमवारच्या गाडीनं कॅमेराही बन्सीधरकडे परत जाईल. मशीन आहे घरात, ते पोटापुरतं पुष्कळ आहे.

पण आईला न सांगितलेलं एक होतं. महानंदानं तो फोटो सकाळपासून पाच वेळा बघितला होता, आणि पाचही वेळा तिला तो आवडला होता. चांगलाच आवडला होता. चारांतला तिसरा, ज्यात सरजा हसायच्या बेतात आहे आणि अजून हसलेली नाही. लाज वाटत होती ती चुकीची, की चूक आवडल्याची? काही कळत नव्हतं.

चार वाजता ती निघाली. मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, त्यांच्या मधून वाट काढताना तिनं वाक्य घोळून ठेवलं: काकू, कागद कमी पडला, परभणीला छापतानाच कापलं बघा. साधं वाक्य. बन्सीधर परभणीत, त्याला विचारायला कोण जातंय? नाचता येईना अंगण वाकडं, असं आपल्याच मनानं खिजवलं, तर तिनं मनाला गप्प बस म्हटलं. अंगण वाकडं तर वाकडं. कॅमेरा राहिला पाहिजे.

दार सरजानंच उघडलं. पाकीट तिथंच उंबऱ्यात घेतलं, आणि आठ फोटो भराभर मागे टाकून ती आपल्या चारांतल्या तिसऱ्यावर थांबली.

"माज्या हनुवटीखाली तीळ हाय?" सरजानं हळूच विचारलं.

महानंदाला तो पहिल्या मापापासून ठाऊक होता. सरजा बोटानं हनुवटीखाली चाचपत राहिली, स्वतःच्याच अंगावरची नवीन वस्तू सापडल्यासारखी, आणि कपाळाबद्दल एक शब्द बोलली नाही. तोवर आतून नर्मदाबाई आली. तिनं फोटो घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

"हिचं कपाळ कुठं गेलं गं?"

वाक्य तयार होतं, ओठांवर होतं. कागद कमी पडला… पण सरजाचं बोट अजून त्या तिळावर होतं, आणि हा फोटो बन्सीधरनं बिघडवला म्हणायचं तर हा तीळही बन्सीधरलाच दिसला असं म्हणावं लागलं असतं.

"मीच लय जवळ गेले, काकू," महानंदा म्हणाली. "मापं घ्यायला जाते तशी."

नर्मदाबाई फोटो हातात घेऊनच वळली. देवघरात गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. फोटो पाटावर ठेवला, बोट बुडवलं, आणि भुवयांच्या वर, कागदाच्या पांढऱ्या कडेवर, जिथं कपाळ असतं तर तिथं, ठसठशीत टेकवलं. थोडं कुंकू विखरून डोळ्यावर सांडलं. ते तिनं फुंकरीनं उडवायला बघितलं, मग पदरानं पुसलं, आणि काळ्या-पांढऱ्या पापणीवर एक तांबूस ओरखडा पसरला.

"आता बघवंल," ती म्हणाली, आणि फोटो कोनाड्यात उभा केला. भिंतीवर लावणार की नाही, ते बोलली नाही. सरजाला म्हणाली, चहा टाक.

म्हणजे परत केला नव्हता. निदान आत्ता तरी नाही. सुटकेचा श्वास टाकायला हरकत नव्हती, आणि महानंदा तो टाकण्याची वाट बघत उभी राहिली, पण मनात भलतंच आलं. बोट का लावलं? फोटो कडेला धरायचा असतो. माझा आहे तो… मघाशी जो बन्सीधरच्या गळ्यात बांधायला निघाले होते तो, माझा. सोमवारची गाडी, आई, काही आठवेना. वाटत होतं एवढंच, की पुढे व्हावं, कोनाड्यातून तो काढावा, आणि ओल्या रुमालाच्या टोकानं, अगदी अलगद, तो डाग…

डाग. सवाष्णीच्या कुंकवाला आपण डाग म्हणालो, हे तिचं तिला ऐकू आलं. ती दचकली. जीभ चावावी म्हणून थांबली, पण जीभ काही चावली गेली नाही, आणि सरजानं पुढे केलेली कपबशी हातात घेतानाही तिची नजर कोनाड्यातून निघाली नाही.