सात हातांची पपई

जोतीरामच्या परसात पपईभोवती एवढी गर्दी जमली होती की पपईलाच श्वास घेता येत नसावा. मी कुंपणाबाहेर उभा होतो. तीस वर्षं वाचनालयात पुस्तकांची देवघेव केली, त्यामुळं मोठ्यानं बोलायची सवय राहिलेली नाही.

मधोमध हरितनाथ महाराज. हिरवी कफनी, हिरवा फेटा. लांबून निबर भेंडीसारखे दिसत. आठ महिन्यांपूर्वी वीतभर रोप कानाला लावून त्यांनी सांगितलं होतं, बरोबर सात हात वाढेल. आज मोजणी होती.

"झाडाचं भविष्य मातीत नसतं, पाण्यात नसतं," महाराज म्हणाले. "ते माझ्या कानात असतं. झाड बोलतं, मी फक्त ऐकतो."

पपईशेजारी बांबू उभा करून शेंड्याच्या उंचीवर तोडला आणि जमिनीवर आडवा ठेवला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. हात कुणाचा, ते देव ठरवणार. महाराजांनी डोळे मिटून झेंडूचं फूल उडवलं. ते शेजारच्या मल्लव्वाच्या आठ वर्षांच्या नातीच्या, भूमिकाच्या, ओंजळीत पडलं. तिनं जीभ बाहेर काढून एकेक हात मोजला. बरोबर सात.

चांगभलंचा गजर झाला. तेवढ्यात मल्लव्वाचा मुलगा अमरेश पुढं आला. तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला. महिन्यापूर्वी त्याचा उजवा हात भाजला होता, अजून पट्टी होती. महाराजांनी शेजारच्या परसातल्या सोनचाफ्याकडं बोट दाखवलं. हा तेवीस हात वाढणार, याची सावली घरावर पडणार, हात भाजला ही फक्त सुरुवात. उद्या सकाळी तोडायचा आणि महाराजांच्या मेव्हण्याच्या नर्सरीतलं शुद्ध रोप लावायचं.

तो चाफा मल्लव्वाच्या नवऱ्यानं भूमिकाच्या जन्माच्या दिवशी लावला होता. लावणारा गेला, चाफा राहिला. मघाशी कौतुकानं हात मोजणारी भूमिका आता तोच हात पाठीमागं लपवून उभी होती.

खरं सांगतो, मला आधी शंका आली नाही, हेवा वाटला. चौदा वर्षं मी झाडांची वही ठेवतो. नर्सरीवाला काय म्हणाला, पुस्तक काय म्हणालं, मला काय वाटलं आणि झाड किती वाढलं. पुस्तक म्हणालं कमरेइतकी, ती रातराणी गच्चीवर चढली. जिच्यासाठी मी मांडव घातला, ती जाई चार वर्षं माझ्या गुडघ्याशी बसून आहे. माझा एकही अंदाज बरोबर आलेला नाही. आणि या माणसाचा प्रत्येक खरा?

सगळे जेवायला गेल्यावर मी चोरासारखा आत शिरलो आणि बांबूला टेप लावली. आठ फूट. घरी येऊन वही चाळली. सयाजीच्या शेवग्याला महाराजांनी नऊ हात सांगितले होते, तेही खरे ठरले होते. त्या वेळी फूल पडलं होतं पृथ्वीराज पैलवानावर. शेवगा मात्र पंधरा फूट. भागाकार केला. पैलवानाचा हात वीस इंचांचा, भूमिकाचा जेमतेम चौदा. तीनदा भागाकार केला, कारण माझं गणितही कच्चं आहे.

दुसऱ्या दिवशी चाफ्यापाशी गल्ली पुन्हा जमली, महाराजही आले, आणि अमरेशनं डाव्या हातात कोयता घेतला. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी मल्लव्वाच्या कानाशी जाऊन पुटपुटलो. मल्लव्वाला पुटपुटणं माहीत नाही.

"तात्या काय म्हणत्यात ऐका," ती गरजली. "कालचा बांबू आणा. पैलवाना, हो पुढं."

पृथ्वीराजनं हात लावला. पाचही भरेनात. मल्लव्वानं स्वतः मोजला, ते सहाच्या आत. भूमिकाचे पुन्हा सात. बांबू तोच, पपई तीच.

महाराज म्हणाले, देवानं निवडलेलाच हात चालतो.

"मग फेका की फूल. डोळं तेवढं मी बांधते."

तिनं टॉवेल बांधला, महाराजांना दोनदा गरागरा फिरवलं. फूल उडालं ते थेट जोतीरामच्या म्हशीच्या पाठीवर.

"आता हिचा हात कुठला धरू, महाराज?" सयाजीनं विचारलं.

हशा थांबेपर्यंत फेटा गल्लीच्या टोकाला पोचला होता. अमरेश मात्र हसला नाही. मी त्याला हळूच विचारलं, भाजलं कसं?

"ग्लोव्ह महिनाभर फाटका हुता, तात्या," तो म्हणाला. "सुपरवायझरला सांगाय पायजे हुतं." आणि कोयता कुडात खोचून ठेवला.

परवा मल्लव्वानं विचारलं, "तात्या, तुमीच सांगा की, चाफा किती वाढंल?" माहीत नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. तिनं माझी टेप मागून नेली होती. टेप परत आली ती हळदकुंकू लावूनच. म्हणून हे लिहायला बसलो.

मंडळी, टेपची पूजा करू नका, टेप वापरा. झाड किती वाढेल ते माती, पाणी, ऊन, शेजारची भिंत, कीड आणि आपला आळस मिळून ठरवतात. त्याचा नक्की आकडा मला, नर्सरीवाल्याला, कुणालाच आधी सांगता येत नाही. जो सांगेल त्याला एवढंच विचारा, मोजणार कुणाच्या हातानं? फारच भीती वाटली तर झाड छाटा, पण आधी हातमोजा बघा.

चाफा आज सकाळी नऊ फूट दोन इंच होता. माझा अंदाज बाराचा होता.