झोपेपुरता आवाज

बाबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज कुजबुजीवर आला. एकेकाळी वर्ग दणाणून सोडणारा हा माणूस आता घरातही खुणांवर भागवू लागला. उद्या वाचनालयात मुलांना गोष्ट वाचून दाखवायला ते कसेबसे तयार झाले होते, तेही लेकीला बजावून, "जमलं तर जमलं. नाही तर पुन्हा गळ घालायची नाही."

लेकीने कंबर कसली. कॉलेजात शिकलेलं आठवून आठवून तिने प्लास्टिकच्या डब्यात छोटा अॅम्प्लिफायर जोडला. त्याला वीज कुठून द्यायची, इथे मात्र घोडं अडलं. घरात तिची रांगती पोर ठमी, दिसेल ती वायर तोंडात घालणारी. तेव्हा अॅडॉप्टर नकोच म्हणून तिने नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. आठवडाभर, दुपारी ठमी झोपली की, ती माइकमध्ये हळूच बोलून बघे. आवाज कसा अगदी स्वच्छ!

आज सकाळी बाबांनी माइक घेतला, आवाजाचं बटण पुरतं फिरवलं आणि पहिलं वाक्य वाचलं. डबा घोगरला, फरफरला आणि गप्प झाला.

"माझ्यापेक्षा याचाच घसा बसलाय," बाबा कुजबुजले. हसले खरे, पण पुस्तक मिटून ठेवलं.

ठमीला कडेवर घेऊन लेकीने थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान गाठलं. दुकानातल्या काकूंनी डबा उघडून न्याहाळला.

"जोडणी झकास आहे हो. मोठ्या आवाजात चालवून पाहिलात कधी?"

"छे! ही उठली असती ना."

काकू खो-खो हसल्या. "म्हणजे झोपेपुरताच आवाज बेतलात की! अहो, हळू बोललं की करंट थोडाच लागतो. आवाज चढवला की ही एवढीशी बॅटरी धापा टाकते. बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा अॅडॉप्टर न्या. तुमच्या चिपला बारा चालतात."

"दोन अँपिअर? जळायची नाही ना?"

"व्होल्ट जुळले म्हणजे झालं. अँपिअर जास्त असले तरी चिप लागेल तेवढेच ओढते."

"आणि हिने वायर ओढली तर?"

"भिंतीतली वीज अॅडॉप्टरपाशीच अडते, पुढे बाराच व्होल्ट. तरी पोर ते पोर. कपाटामागून न्या."

अॅडॉप्टरच्या पिनेचं अधिक-उणं तिने काकूंकडून मीटरवर दोनदा तपासून घेतलं.

"तिसऱ्यांदा बघू?" काकूंनी चिडवलं.

"बघाच," ती म्हणाली.

घरी येऊन तिने वायर कपाटामागून नेऊन टेपने चिकटवली. ठमी टक्क जागी होती. तिला झोपवायचा मोह आवरून आईने तिला मांडीवर घट्ट धरलं आणि बटण फिरवलं.

बाबांनी नाइलाजाने पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य खोलीभर पसरलं. आवाज खरखरीत होता, पण बाबांचाच. ठमी दचकली. तिने डब्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. रडेल म्हणून आई श्वास रोखून बसली. ठमीने टाळी पिटली.

बाबा थांबले नाहीत. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला.

"वाचनालयात फोन लाव. खुर्च्या पार दारापर्यंत मांडा म्हणावं."

"मी सांगू?"

"नको, दे इकडे," बाबा म्हणाले. "मीच बोलतो."