कोपऱ्यातली दोन घरं

परत आलेल्या अंकातलं शब्दकोडं कुणीतरी सोडवलंय, हे मला कळलं ते माझ्या एका खोडीमुळे. मला स्वतःची शिवण तपासल्याशिवाय राहवत नाही.

आमचा अंक आठ पानी. युद्धाला नाही म्हटलं म्हणून तुरुंगात बसलेल्यांची खबरबात त्यात असते. त्यांना पत्रं कुठे पाठवायची, कुणाचा चष्मा फुटलाय, कुणाच्या आईचं ऑपरेशन नीट पार पडलं, असं सगळं. काढणारे आम्ही तिघं. लिहितात ते मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. छापतात ते अण्णा. आणि शिवते मी, कारण तुरुंगात तारेची पिन चालत नाही. दिवसभर लोकांचे कपडे शिवायचे आणि दुकान बंद झालं की मागच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलावर, अंकांना घड्या घालून त्यांची पाठ मशीनवर मारायची. पगार कुणालाच नाही. चहासुद्धा माझाच.

माझी धाकटी बहीणही आत आहे. शस्त्रांच्या कोठाराच्या फाटकात ही बया चटई टाकून बसली आणि उठायलाच तयार होईना. सुरुवातीला तिची पत्रं यायची, निम्मी माझ्या चुका काढण्यात खर्च झालेली. मग तिला दुसऱ्या तुरुंगात हलवलं म्हणे, आणि सगळंच बंद पडलं. पत्र नाही, भेट नाही. फोन केला की एक बाई गोड आवाजात सांगते, माहिती देता येत नाही. ती तिथेच आहे की आणखी कुठे, धड आहे की आजारी, काही म्हणजे काही कळेना. जिवाला नुसता घोर. तिच्या नावचा अंक मात्र दर महिन्याला ‘नाकारले’ असा शिक्का मिरवत परत यायचा.

तर त्या दिवशी टाका कुठे उसवलाय का ते बघायला मी परत आलेला अंक उघडला. शेवटच्या पानावरचं कोडं हिरव्या शाईने भरलेलं, आणि शेजारी कपाचा गोल डाग.

अक्षर धाकटीचं नव्हतं. तिचं अक्षर धावतं आणि एकीकडे कललेलं, हे आपलं अर्ज भरल्यासारखं ताठ.

“तपासणीचा कारकून,” मास्तर म्हणाले. “आपला अंक नाकारायचा आणि आपल्याच कोड्यावर चहा ढोसायचा. कमाल आहे.”

मला राग यायला हवा होता, आणि तो माझ्या नाकावरच असतो. पण त्या वेळी मला नुसती उत्सुकता वाटली. खोक्यातून आधीचे परत आलेले अंक काढले. पहिल्यात त्याने दोन-तीनच शब्द लिहिलेले, तेही दबकत. पुढच्यात निम्मं कोडं. मग तर एखादंच घर मोकळं. नद्या सगळ्या पाठ, पक्षी बऱ्यापैकी, फुलांच्या नावाने शंख. ‘गुंडी ज्यातून जाते ते’ हे कोरं सोडलेलं. काज माहीत नाही म्हणजे काय माणूस आहे हा? घरी बटण कोण लावतं याच्या? विचारायचं तरी कुणाला. मला त्याची चिडही यायला लागली आणि थोडी काळजीही, आणि हे मास्तरांना सांगायची सोय नव्हती.

कारण मास्तरांचं ठरत आलं होतं. “कोडं काढून टाकू,” ते म्हणाले. “त्या जागेत आणखी चार जणांची माहिती बसेल. आणि त्या तुरुंगाला अंक पाठवणंही थांबवू. बाई, मला काय कळत नाही का तुमचं? पण आपण अंक काढतो तो आतल्या माणसांसाठी. कारकुनाची करमणूक करायला नाही.”

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. तो अंक थांबला असता तर तिच्यापर्यंत जाणारा माझा शेवटचा धागा मीच तोडला असता.

“एक महिना द्या,” मी म्हटलं. “आणि या वेळी कोडं मी करते.”

मी जन्मात कधी कोडं केलं नव्हतं. मास्तरांच्या जुन्या कोड्यात चार शब्द इकडचे तिकडे केले आणि उजवीकडे खाली, अगदी कोपऱ्यात, दोन घरं वेगळी काढली. शोधसूत्र लिहिलं: ‘शिवणाऱ्या बाईंच्या लहानपणच्या बोक्याचं नाव. माहीत नसल्यास बाईंच्या धाकट्या बहिणीला विचारावं.’

अण्णांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कोड्यातला शब्द कशाला तरी जोडलेला असावा लागतो. हा एकटाच लोंबकळतोय.”

“लोंबकळू दे.”

“आणि तो विचारेल असं वाटतं तुम्हाला? त्याची नोकरी जाईल.”

हे मला सुचलंच नव्हतं. पण अंक छापायला दिला.

बोक्याचं नाव होतं गोट्या. बरोबर दोन घरं. धाकटी त्याला भलतंच काहीतरी म्हणायची, पण त्याला काही अर्थ नाही. आईबाबा त्याला नुसतं बोका म्हणायचे. म्हणजे ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक.

अंक परत यायला उशीर झाला. माझं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, आणि वर त्यालाच चार शब्द सुनावले. शेवटी एकदाचा अंक आला, तोच शिक्का घेऊन. मास्तर समोर बसले होते. मी पान उघडलं आणि कोपऱ्यावर आधी अंगठा ठेवला. वरून बघत आले. नद्या बरोबर. एक झाड चुकलेलं. काज या वेळीही मी मुद्दाम ठेवलं होतं, ते भरलेलं. कुणीतरी सांगितलं होतं त्याला.

अंगठा काढला.

माझ्या दोन घरांच्या पुढे, बाहेर समासात, आणखी दोन घरं काढलेली होती. हिरव्या शाईने, पट्टी लावून, अगदी सरळ. आणि चार घरांत चार अक्षरं: फौजदार.

धाकटी त्याला फौजदार म्हणायची, कारण घरात कुणीही आलं की तो आधी पिशवी हुंगायचा, मग आत सोडायचा. या नावावरून आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या. मी गोट्या म्हणून हाक मारायची, ती फौजदार म्हणून, आणि तो कुणालाच ओ द्यायचा नाही.

मी रडले. त्यात लपवायचं काय. ती तिथे होती, जिवंत होती, आणि तिचं डोकं ठिकाणावर होतं. म्हणजे होतं तेवढंच.

मग मला संताप आला. “बघा,” मी मास्तरांना म्हटलं. “इतक्या महिन्यांनी एक शब्द पाठवायची सोय झाली, तर या बाईसाहेबांनी माझी चूक काढली.”

मास्तरांनी अंक हातात घेतला आणि ती समासातली घरं बोटाने मोजली. माझ्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली. कारकुनाने कसं विचारलं असेल? दाराशी उभं राहून, आजूबाजूला बघत? घरं तर दोनच आहेत, असं तो म्हणाला असेल का? म्हणालाच असणार, नियमाचा माणूस. आणि तिने ठणकावलं असेल, मग आणखी दोन काढा. हसली असेल का ती? आणि काज तिनेच सांगितलं असेल. तिला साधी गुंडी लावता येत नाही, पण नाव पाठ.

मास्तरांनी पुढच्या अंकाचं वेष्टण ओढून घेतलं आणि धाकटीचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. त्या तुरुंगाचा विषय तिथेच संपला.

“कोडंही राहू दे,” ते म्हणाले. “फक्त या वेळी चार घरं ठेवा म्हणजे झालं.”

“मुळीच नाही,” मी म्हटलं. “दोनच. नाव गोट्याच होतं. आणि मी हार मानली, तर ती पुन्हा लिहील कशाला?”