टाइपरायटरचा नवा रोलर

"चाचा, हाणा आता एक ओळ," म्हणत नाथाजीनं पेचकस बाजूला ठेवला. सांगलीहून पहिल्या एसटीनं येऊन त्यानं पीरमहंमदच्या टाइपरायटरला नवा रोलर बसवला होता. जुना एकवीस वर्षांत दगडासारखा झाला होता. त्याच्यावर अक्षरं पडली की कागदाला भोकं पडायची आणि साताऱ्याच्या कोर्टाचं अख्खं आवार खडखडायचं. वकील म्हणायचे, पीरमहंमद अर्ज टाइप करत नाही, खडी फोडतो. तो वरवर हसायचा, पण मनातून ओशाळायचा.

त्यानं एक ओळ मारली. अक्षरं सुबक आणि आवाज जवळजवळ नाहीच.

"लय झ्याक बसवलास गड्या!"

"आन् जुना चाचीला द्या, चपात्या लाटाय," नाथाजी म्हणाला. पीरमहंमदनं घरात पोर झाल्यासारखा सगळ्या टाइपिस्टांना चहा पाजला.

दुपार कलली तशी मात्र त्याला चुटपुट लागली. आज बनुबाई यायची होती, ती अजून आली नव्हती. उंब्रजची ही म्हातारी फौजीची विधवा. पेन्शनीसाठी आपण हयात असल्याचा दाखला ती दर नोव्हेंबरात त्याच्याकडूनच टाइप करून न्यायची आणि मग साहेबाची सही घ्यायची. डोळ्यांनी फारसं दिसत नसूनही तिची टेबलाची वाट कधी चुकली नव्हती. अन् आज बघतो तर ती काठी टेकत फाटकाकडे परत निघालेली.

"बनुआक्का! आवं, कुटं निगाला?" पीरमहंमद धावला.

म्हातारीनं त्याचा दंड चाचपला आणि डोळ्यांना पदर लावला.

"जित्ता हायस व्हय रं? दोनदा फिरले, तुजी खडखड कुटं न्हाई. म्हटलं, भाऊ गेला. मग कसला दाखला आन् काय."

ज्या आवाजाची आपल्याला लाज वाटत आली, त्याच्या मागानं हिची पावलं येत होती, हे कळून पीरमहंमदला भरून आलं.

त्यानं तिला बाकावर बसवून टाइप करायला घेतलं. ओळ संपत आली तशी घंटी वाजली. ती जुनीच होती.

"हिला वळकते मी," बनुबाई म्हणाली. "मी जित्ती हाय ह्याचा कागूद तू देतोस. तुजा कोन देनार रं?"

"तुमी दिला की आत्ता."

ती बोळक्या तोंडानं खुदकन हसली.

सही घेऊन ती परतीला लागली, तेव्हा पीरमहंमदनं कागद न घालताच रोलरचं कॅरेज हातानं सरकवलं. टिंग. मागं ओढलं, पुन्हा सरकवलं. टिंग. शेजारचे टाइपिस्ट बघत राहिले. म्हातारी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो घंटी वाजवत होता.