वायर काढू नका, माझं बोलणं व्हायचंय

मी बोलतोय, स्टिअरिंगच्या मागचा तो पिवळा दिवा. थांबा, लगेच गाडी बाजूला घेऊ नका. आज माझी काही तक्रार नाही, आज नुसतं बोलायचंय. आणि मला मध्येच तोडलेलं अजिबात खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दिसायला मी करंगळीच्या नखाएवढा. आत एक बारका बल्ब, वर पिवळी काच आणि काचेवर इंजिनाचं चित्र. निदान काढणाऱ्याने तरी ते इंजिन म्हणूनच काढलं होतं. लोकांना त्यात काय काय दिसतं ते विचारू नका. कुणाला नळ दिसतो, कुणाला हेलिकॉप्टर. एका बाईंना तर मी चहाची किटली वाटलो होतो.

कारखान्यात आम्हा सगळ्या दिव्यांना एकाच पट्टीवर बसवलं. माझ्या शेजारी ऑइलचा लाल दिवा आला, पलीकडे बॅटरीचा. ऑइलवाल्याचा मान मोठा. तो लागला की माणसं घाबरून जागच्या जागी गाडी थांबवतात. मी लागलो की म्हणतात, "बघू नंतर." माझा स्वभाव मुळात उतावळा, त्यात हे रोजचं 'बघू नंतर'. जीव नुसता तळमळतो हो.

बरं, मला फक्त लागता-विझता येतं असं समजू नका. गाडीत एक पेटी असते, छोटा कॉम्प्युटरच म्हणा. इंजिनात काही बिघडलं की ती तो बिघाड आकड्याने लक्षात ठेवते. आणि तो आकडा बोलून दाखवायचं काम माझं. स्टिअरिंगच्या खाली, अगदी गुडघ्याजवळ, एक सॉकेट आहे. त्यातली ठरावीक दोन भोकं वायरच्या तुकड्याने जोडायची आणि इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवायची, की मला वाचा फुटते. एकदा लुकलुकलो, जरा थांबलो, मग दोनदा लुकलुकलो, की झाला बारा. कुठलं मशीन नको, काही नको. पण इतकी वर्षं ती दोन भोकं कुणी जोडलीच नव्हती.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांना 'आ करा, आ करा' म्हणायचे, पण माझं तोंड उघडायची वेळ त्यांच्यावर आली नाही. गाडी त्यांनी फुलासारखी जपली आणि मग विकून टाकली.

घेतली ती बाबांनी. बाबा म्हणजे गाड्यांच्या सीट शिवणारे कारागीर. स्पंज, रेक्झिन, दाभण आणि जाड दोरा, हे त्यांचं जग. इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण सीटवर नुसता हात फिरवून ते कुठली स्प्रिंग बसली ते सांगतात. घरात आई आणि एक कर्ता मुलगा. मुलगा बेकरीत कामाला, पहाटे जातो आणि दुपारच्या आत पिठाने माखून परत येतो. आई पूर्वी तारऑफिसात होती. टकटक करून गावोगाव निरोप धाडायची.

मग आईला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं हळू झालं. डोकं पहिल्यासारखंच चालायचं, पण शब्द एकेक करत यायचे. एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागायची. आणि वाट बघायला वेळ कुणाला? ती म्हणायची, "मला जरा…" की मुलगा म्हणायचा, "पाणी हवंय, आणतो." पाणी नको असायचं. पण तो घेऊनच यायचा आणि ती मुकाट पिऊन टाकायची. मुलगा वाईट नव्हता बरं का. आईवर त्याचा जीव होता. पण घाई मात्र रक्तात होती.

बाबांनी तिच्यासाठी एक काम केलं. गाडीची पुढची सीट काढली, तिच्याखाली फिरता पाट बसवला, उंची कमी केली आणि डाव्या हाताने धरायला पट्टा शिवला. सीट दाराकडे वळवायची, आईने पट्टा धरून टेकायचं आणि स्वतःच आत वळायचं. कुणी उचलायला नको. वेळ लागायचा, पण ती आपली आपण बसायची. दिवसातून एकदा दोघं फिरून यायची. बाजाराच्या मागचा रस्ता, नदीचा पूल, परत घर. बाकीचा सगळा दिवस तिला कुणी ना कुणी उठवायचं, बसवायचं, फिरवायचं. ही एकच गोष्ट तिची स्वतःची होती.

आणि नेमकं तेव्हाच मला लागावं लागलं.

मी लागलो, लागूनच राहिलो. आई माझ्याकडे बघायची आणि तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या. बाबांना ते बघवेना. मग त्यांनी काय करावं? दुकानातून काळ्या रेक्झिनचा तुकडा आणला, माझ्या मापाचा कापला आणि माझ्या तोंडावर चिकटवला. वर म्हणाले, "आता कसं छान दिसतंय." माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. आत मी पेटलेला, बाहेर सगळं गुडूप. दिसत नाही म्हणजे दुखत नाही, असा या माणसांचा हिशेब असतो.

व्हायचं ते झालंच. भर उन्हात, भर चौकात गाडीने काळा धूर सोडला, दोन आचके दिले आणि बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ. बाबा किल्ली फिरवून फिरवून घामाघूम. लोक मदतीला धावले, चांगल्या मनानेच धावले. चौघांनी मिळून आईला उचललं आणि रस्त्याकडेच्या दुकानाच्या पायरीवर ठेवलं. ती "नको, थांबा, मी…" म्हणत होती, पण तिचा पुढचा शब्द यायच्या आत ती हवेत होती. एकाच्या हातात तिची चप्पल राहिली. 

गाडी ओढून आणली. गॅरेजवाल्या मेकॅनिकने बिघाड वाचायचा आपला स्कॅनर आणला, पण त्याचा प्लग माझ्या सॉकेटला बसेना. म्हणाला, "फार जुनी गाडी आहे, याला हे चालतच नाही. इंजिन उघडून बघावं लागेल. माझं ऐकाल तर गाडीच काढून टाका."

मुलाला तेवढंच हवं होतं. "बाबा, बस झालं आता. परत रस्त्यात बंद पडली तर? परत आईला असं लोकांनी उचलायचं? मी नवी घेतो. तिची सीट उंच असेल, ठीक आहे, मी बसवत जाईन तिला."

"तू कामावर असलास की?" बाबांनी विचारलं.

"तेव्हा नाही जायचं फिरायला."

आई जवळच होती. ती म्हणाली, "मला… उचलून…"

"हो आई, मीच उचलेन. बाहेरचं कुणी हात लावणार नाही."

 जुन्या गाड्या घेणाऱ्याला फोन गेला. तो क्रेन घेऊन येणार ठरलं.

तो येणार त्या दिवशी आई हट्टाने गाडीत जाऊन बसली होती. अंगणात उभ्या गाडीत, पट्टा धरून. मुलगा बेकरीतून आला आणि तिला बघून त्यालाही राहवेना. शेवटचं म्हणून तो फोनवर काहीबाही शोधत बसला. तिथे कुणीतरी लिहिलं होतं, जुन्या गाड्यांचे बिघाड स्कॅनर नसला तरी घरच्या घरी वाचता येतात. त्याने बाबांकडून स्प्रिंगा बांधायच्या वायरचा तुकडा मागून घेतला, इंग्रजी यू सारखा वाकवला आणि चालकाच्या सीटवर बसून वाकून भोकं शोधायला लागला. दिवा कुठाय म्हणून बघतो तर रेक्झिन.

"बाबा, हे काय?"

"ते… तिला त्रास व्हायचा रे," बाबा म्हणाले.

मुलाने नखाने रेक्झिन खरवडून काढलं. वायर बसली. किल्ली फिरली.  अख्खा जन्म ज्या क्षणासाठी घातला तो आला आणि माझी पाचावर धारण बसली. पण कामाला लागलो. एकदा लुकलुकलो, थांबलो, दोनदा. बारा. परत बारा. परत बारा.

आता हे समजून घ्या. बारा हा बिघाड नाही. बारा म्हणजे, 'हॅलो, ऐकताय ना? मी तयार आहे.' आम्ही दिवे आधी तेच म्हणतो, तीनदा म्हणतो, आणि मग मुद्द्याला हात घालतो.

मुलाने फोनमध्ये बारा शोधलं. तिथे लिहिलं होतं, 'इंजिनाकडून संकेत येत नाही.' अहो, कुठून येणार? इंजिन बंद ठेवूनच तर वाचायचं असतं. पण त्याचा चेहरा पडला. "बघा बाबा, गाडी स्वतःच सांगतेय. इंजिन गेलं." आणि त्याने फट्दिशी वायर उपटली.

मी जागच्या जागी गप्पगार. माझा नुसता नमस्कार झाला होता आणि यांनी माझ्या मयताची तयारी केली. पुढचा आकडा माझ्या ओठावर होता हो. मी चरफडलो, तडफडलो, पण वायरशिवाय मी काय करणार? नुसता लागून राहिलो.

तेवढ्यात आई म्हणाली, "परत… लाव."

"झालं आई, कळलं ना आता."

"नाही… तो…"

"तो दिवा आहे आई, बिघडल्यावर लागतोच."

 आईने डाव्या हाताच्या बोटाने डॅशबोर्डवर वाजवलं. टक. टकटक. थोडं थांबली. टक. टकटक. परत एकदा. मग मुलाकडे बघत राहिली, आणि या खेपेला बाबा म्हणाले, "तिला बोलू दे रे."

शब्द एकेक करत आले. "निरोप… तीनदा… कुणी धाडत नाही. तीनदा… हाक मारतात. मग… निरोप."

 मुलगा वाकला आणि त्याने वायर परत बसवली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बारा, बारा, बारा. इतक्यात फाटकापाशी क्रेनचा हॉर्न वाजला आणि बाहेरून हाक आली, "अहो, आहात का घरात? गाडी न्यायला आलोय."

मुलगा उठायला लागला. त्याचा हात वायरकडे गेला आणि आईने तो मनगटाशी पकडला. डाव्या हाताची तिची पकड मी आधी कधी पाहिली नव्हती. मी थांबलेलो होतो, हाक आणि निरोप यांच्यातल्या त्या जागेत, जिथे काहीच दिसत नाही. मला उशीर करता येत नाही आणि घाईही करता येत नाही. बाहेर परत हॉर्न. मुलगा म्हणाला, "आई, संपलं ते."

तिने मनगट सोडलं नाही.

मग मी बोललो. एकदा. थांबलो. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पंधरा," आई म्हणाली. एका दमात.

पंधरा, पंधरा, पंधरा. त्यानंतर परत बारा, म्हणजे झालं माझं. मुलाने फोनमध्ये पंधरा शोधलं. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर, अंगठ्याएवढा. तो बिघडला होता म्हणून तापलेलं इंजिनही पेटीला थंडगार वाटत होतं. ती बापडी पेट्रोल ओततच सुटली होती. काळा धूर त्याचाच, आणि चौकातली फजितीही त्याचीच. इंजिन धडधाकट होतं.

मुलाने बाहेर जाऊन क्रेनवाल्याला सांगितलं, गाडी द्यायची नाही. "मग बोलावलं कशाला मला एवढ्या लांब?" म्हणत तो बराच वेळ करवादत होता. मुलाने त्याला बेकरीतून आणलेला पाव दिला आणि वाटेला लावलं.

मेकॅनिकने नवा सेन्सर बसवला आणि पेटीतली आठवण पुसायला बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली. माझं काम संपलं. आता मी किल्ली फिरवल्यावर क्षणभर लागतो, एवढंच. कुणी माझ्याकडे बघत नाही. चुळबुळ होते, नाही असं नाही. बोलायची चटक लागल्यावर गप्प बसणं सोपं नसतं. पण मी गप्प असतो तेव्हाच तुमचं बरं चाललेलं असतं, त्याला इलाज नाही.

माझं मागणं एवढंच आहे. मी लागलो तर मला झाकू नका. आणि वायर लावलीत तर बसा जरा निवांत. मध्ये मी थांबलो म्हणजे संपलो असं धरून चालू नका.

दुरुस्तीनंतर तिघं पहिल्यांदा फिरायला निघाली तेव्हाचं सांगतो. बाबांनी किल्ली अर्धी फिरवून ठेवली होती, त्यामुळे मी लागलेला होतो. आईने पट्टा धरला. मुलगा सवयीने तिला उचलायला वाकला, मग सरळ झाला आणि त्याने दोन्ही हात मागे घेतले. ती टेकली, थोडी घसरली, परत सावरली. त्याची बोटं मागच्या मागे एकमेकांत घट्ट अडकलेली होती. ती वळून आत बसली तसं त्याने दार लावलं आणि मागे जाऊन बसला.

आई म्हणाली, "काच…"

पहिल्या शब्दालाच त्याला कळलं होतं. मलासुद्धा कळलं होतं. त्याचा हात पुढे गेला आणि काचेच्या हँडलवर थांबला.

"…जरा… खाली… घे."

मग त्याने काच खाली घेतली, बाबांनी इंजिन सुरू केलं, आणि मी विझलो.