खाचेतलं पीठ

कॅसेटच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या खाचेत पीठ होतं. ज्वारीचं, करडं पडलेलं... बसवंतनं कॅसेट उचलून तोंडाजवळ नेली तेव्हाच ते सिंधूला दिसलं, आणि तो फुंकर मारणार एवढ्यात तिनं हात पुढे केला.

"नको. राहू द्या तसंच."

"मशिनीत धूळ जाती, ताई."

"धूळ नाही ती."

त्यानं फुंकर न मारता कॅसेट मशिनीत घातली. एका खणात ही कॅसेट, शेजारच्या खणात कोरी. औशाच्या बसस्टँडसमोरच्या या दुकानात लग्नाची गाणी उतरवून मिळतात. टँकरच्या रांगेतली घागर शेजारणीवर सोपवून, शाळेतून अर्धी रजा टाकून ती आली होती. टेप कोरडी झाली, बसवंत कालच म्हणाला होता, एकदा फिरंल, दुसऱ्या खेपेला तुटली तर मला बोलू नका. पर्सवरची तिची मूठ घट्ट होती. पर्समध्ये पत्र होतं.

टेपमधून गाण्याचा आवाज आला. म्हातारीचा, जाडसर, ओळीच्या शेवटी थोडा खाली बसणारा.

"कानडी न्हाई, तेलुगू न्हाई. कोणची भाषा म्हणायची ही?" बसवंतनं विचारलं.

"यिद्दिश. युरोपातल्या ज्यू लोकांची."

"तुम्हाला कळती?"

"नाही."

"मग कशाला उतरवून राहिलात?"

कशाला... बहात्तरच्या दुष्काळात रूथ नावाची अमेरिकन बाई जात्यावरच्या ओव्या जमवत गावात आली होती. सिंधूची माय, म्हणजे केवळाबाई, पहाटे दळायची आणि दिवसभर खडी फोडायची. रूथनं तिच्या ओव्या भरून घेतल्या, तेव्हा माय म्हणाली, माझं नेतीस तर तुझं ठिवून जा. रूथनं आपल्या आजीच्या गाण्यांची ही कॅसेट दिली. वाजवायला घरात काही नव्हतं, आठ वर्षं ती पत्र्याच्या डब्यात राहिली. मग सिंधूनं पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर आणला, आणि पीठ चाळता चाळता माय रोज त्या परक्या म्हातारीला ऐकू लागली, मधूनच "हाव, हाव" म्हणत, शेजारीण घरचं काही सांगत असल्यासारखं. स्वतः मात्र ती गात नसे. गिरणी आली, जातं उभं करून ठेवलं, म्हणून ओव्या गेल्या... असं सिंधूनं मानलं होतं.

पत्र मायच्या नावानं होतं. पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली हे तिकडे कोण कळवणार. फिरत फिरत ते हातात पडलं तेव्हा मायला जाऊन महिना झाला होता. माझ्याकडच्या आजीच्या टेपा खराब झाल्या आहेत, रूथनं लिहिलं होतं, तुम्हाला दिलेली पाठवाल का? मी तुमच्या ओव्यांची प्रत पाठवते.

म्हणजे मायचा आवाज घरी येणार होता. तीन आठवडे सिंधू पाकीट घेत होती आणि परत ठेवत होती. पार्सल हरवेल. उन्हात टेप वितळेल. प्रत काढून मग पाठवावी, तर उतरवताना तुटेल. रोज एक कारण, आणि प्रत्येक खरंच...

लाईट गेली. म्हातारी ओळीच्या मध्येच थांबली, चक्र अर्ध्या फेऱ्यावर राहिलं. पंखाही थांबला.

जातं असंच थांबलं होतं.

सिंधूला ते दिसलं: बारा वर्षांची मी, दारात. मागे वर्गातल्या दोघी. रूथच्या यंत्राचा लाल दिवा, आणि मायची ओवी माझ्यावरच आलेली — लेक माझी शाळेत जाते, अशी सुरू झालेली. "पुरे की, माय. हासून राहिलेत सगळे," मीच म्हणाले. कुणीच हसत नव्हतं. मायचा हात खुंट्यावर तसाच राहिला. मग ती माझ्याकडे न बघता रूथला म्हणाली, "माझं झालं. तुझं काय असंल ते दे आता."

लाल दिवा चालू होता. मायच्या आवाजाशेजारी 'पुरे की' म्हणणारा तो आवाजही तिकडे जपून ठेवलेला असणार, चौदा वर्षं.

"काढून देऊ का, ताई? लाईटीचा काय भरवसा न्हाई."

दहा मिनिटांपूर्वी ती म्हणाली असती, काढा, पण जपून.

"नको. गाणं अर्ध्यात आहे."

"तुम्हाला कळत न्हाई म्हणला ना?"

ती स्टुलावर बसली. खणाच्या काचेतून पिठाचा ठिपका दिसत होता. तिची मूठ अजून पर्सवर होती, पण टेप तुटेल की नाही याचा विचार आता तिच्या मनात नव्हता. लेक माझी शाळेत जाते... पुढची ओळ तिला आठवेना. घामानं मान भिजली, तरी ती ओळ शोधत राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की ती आठवण्यासारखी नाहीच, कारण ती म्हटलीच गेली नव्हती.