नेत्राला दिलेला डावा कौल

देवमाशाला मी शेपटीला धरून वळवलं, असं आमच्या कोळीवाड्यात कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेपटीला नाही, कानाला धरलं होतं. ही हकिकत मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा नेत्रा सहा वर्षांची होती. बाकीची पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती आणि ही मधेच म्हणाली, "आजा, माशाला कान कुठं असतो?" मी म्हटलं, "म्हणून तर शोधायला दहा मिनिटं लागली." त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायला लागली. थाप पकडायची, हसायची, आणि पुढची मागायची.

नेत्रा माझ्या पुतण्याची, रतनची मुलगी. मला मूलबाळ नाही, बायको नलू जाऊन नऊ वर्षं झाली. रेवदंड्याच्या खाडीला लागून आमची वस्ती आहे, आणि तिथं बुधाजी तांडेल म्हणजे दोन कामांचा माणूस: ओट्यावर बसून थापा मारणारा, आणि मंगळवारी आईच्या देवळात कौल लावणारा. पहिल्या कामात माझ्यावर कुणाचा काडीचा भरवसा नाही. दुसऱ्यात सगळ्यांचा आहे.

कौल म्हणजे देवीच्या ओल्या पाषाणावर दोन फुलं चिकटवायची, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. बोट कुणाकडून बांधायची, मुलगी कुठल्या गावात द्यायची, सगळं आमच्याकडं असंच ठरत आलंय. यंदा त्यात इंजिनिअरिंगचं कॉलेजही आलं.

आता ही गोष्ट मी सांगतोय ती एवढ्यासाठी, की त्या पोरीनं मला दगा दिला. तिच्या घरात उलटं म्हणत असतील. तुम्ही ऐका आणि ठरवा.

नेत्राला पहिल्यापासून इंजिनाचं वेड. रतनच्या बोटीचं डिझेल इंजिन खोकायला लागलं की तो मिस्त्रीला फोन लावायच्या आधी हिला हाक मारायचा. ही कान लावून ऐकायची आणि सांगायची, पप्पा, दोन नंबरचा नोझल. बारावी झाली, सीईटीत मार्क चांगले पडले आणि बाईसाहेब म्हणाल्या, मेकॅनिकलला जाणार, कराडच्या सरकारी कॉलेजात. गेल्या दोन वर्षांचे कटऑफ तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. तिची आई जागृती म्हणाली, जाऊ दे की. रतन म्हणाला, एवढ्या लांब? पनवेलच्या अलीकडं एक खाजगी कॉलेज झालंय, तिथं कम्प्युटर मिळेल, सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी घरी. पोर रोज डोळ्यांसमोर राहील.

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दिवस होते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. रतनला बोटीची डागडुजी उरकायची होती, म्हणून ते जवळचं कॉलेज बघायला नेत्राबरोबर मला पाठवलं.

तिथं हेतल मॅडम नावाच्या एक बाई भेटल्या. फाईल दिली, थंड कॉफी दिली, आणि बोलायला लागल्या. आमच्या मुलांसाठी परदेशी कंपन्या रांगा लावतात म्हणे. मी विचारलं, रांग कुठं लागते? बाईंची पापणी हलली नाही. म्हणाल्या, रांग ऑनलाइन असते, काका. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. साठ वर्षं थापा मारतोय, पण न दिसणारी रांग मला कधी सुचली नव्हती. नेत्रानं वर्कशॉप दाखवा म्हटलं, तर चावी सरांकडं आणि सर बाहेरगावी. तिनं खिडकीच्या काचेवरची धूळ पुसून आत बघितलं. दोन लेथ मशीन होती, दोन्हीवर अजून कारखान्याचं प्लॅस्टिक.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "काय वाटतं, आजा?"

"थाप हाय."

"केवढी?"

"माझ्यापेक्षा मोठी."

ती अलिबाग येईपर्यंत हसत होती. आणि मी काय केलं? किनाऱ्यावर रतननं एकट्याला गाठून विचारलं तेव्हा मी म्हटलं, इमारत चांगली हाय, बस दारातून सुटते. दोन्ही वाक्यं खरी. थापेबाजीत ही सगळ्यात वरची पायरी.

रतननं मग तेच काढलं जे आमच्यातला कुणीही काढतो. मंगळवारी आईला विचारू, ती सांगेल तसा फॉर्म भरायचा. बुधवारी फॉर्मची शेवटची तारीख होती.

सोमवारी दुपारी नेत्रा ओट्यावर आली, हातात पानावर वाफाळती मांदेली. लाच. तिला एक गोष्ट ठाऊक होती जी अख्ख्या कोळीवाड्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. ती नऊ वर्षांची असताना, नलू नुकतीच गेलेली तेव्हा, एका हळव्या संध्याकाळी मी तिला सांगून टाकलं होतं की फूल देवी पाडत नाही, माझा अंगठा पाडतो. देठ दगडावर दाबून चिकटवलं की फूल टिकतं, नुसतं टेकवलं की घसरतं. तिला जगातल्या सगळ्या थापा सांगितल्या आणि खरं म्हणून एवढंच सांगितलं. तिनं ते आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

"उद्या उजवं नुसतं टेकव," ती म्हणाली. "पप्पांनी हसत पाठवायला पाहिजे मला."

मी मासळी खाल्ली. म्हटलं, टेकवतो. देवीची शपथ घेतली, नलूची घेतली, आणि त्या वेळी मला ते करायचंही होतं. हे सांगून ठेवतो, पुढं उपयोगी पडेल असं नाही.

मंगळवारी देवळात आम्ही पाच-सहा माणसं. रतन अंघोळ करून कोरा सदरा घालून आला होता. त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं, आई, पोर कराडला जावी का, उजवा दे की डावा दे, आम्ही तुझं ऐकू. मी फुलं ओली केली. डावं लावलं. उजवं हातात घेतलं आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा ओटा आला, संध्याकाळचा, रिकामा. चार वर्षं. थाप मारायची तरी कुणाला? कुत्र्याला? अंगठा दगडावर गेला आणि मी त्याला अडवलं नाही. देठ पार चेचलं.

डावं फूल गाऱ्हाणं संपायच्या आत खाली आलं.

रतननं डोकं टेकलं. जागृतीनं नेत्राच्या पाठीवर हात ठेवला. नेत्रा माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या अंगठ्याकडं बघत होती. हिरवा झाला होता. मी तो धोतराला पुसला. बापानं विचारलं, आता जवळचं कॉलेज पहिलं टाकशील ना? ती म्हणाली, "घरी मोबाइलवर भरते, पप्पा." रडली नाही, भांडली नाही. मला वाटलं, पोर शहाणी आहे, समजलं तिला. संध्याकाळी ओट्यावर आली नाही. मला वाटलं, उद्या येईल. आठ दिवस आली नाही.

नवव्या दिवशी पहिल्या फेरीची यादी लागली. रतन माझ्या दारात उभा राहिला, जाळ्यात मेलेला डॉल्फिन सापडावा तसा चेहरा. कराड, मेकॅनिकल, पसंती क्रमांक एक.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "देवीचा शब्द मोडला तिनं, काका. तोंडावर हो म्हटली आणि मागून हे. माझ्या पोरीनं मला फसवलं." मी जाणार नाही, सही करणार नाही, तिच्याशी बोलणार नाही, असं सांगून गेला. कॉलेजात हजर व्हायला चार दिवस होते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळून घेतलं नाही, तर पुढच्या फेऱ्यांतूनही नाव जातं म्हणे. म्हणजे कराडही गेलं असतं आणि प्लॅस्टिकमधली लेथ मशीनंही. अर्जावर बापाची सही हवी, आणि खरं सांगायचं तर सहीपेक्षा बाप हवा.

मी नेत्राला गाठलं. मागच्या पडवीत ती सुके बोंबील उलटत होती. मी विचारलं, फॉर्म कधी बदललास?

"बदलला न्हाय. सोमवारी सकाळीच कन्फर्म केला होता."

सोमवारी सकाळी. म्हणजे दुपारी मांदेली घेऊन आली त्याच्याही आधी. इतकी वर्षं मी जिला सगळं सांगितलं, तिनं माझ्यावर एवढाही भरवसा ठेवला नव्हता. मग कौलाचं सोंग कशाला केलंस म्हणून मी तिच्यावरच आवाज चढवला.

"पप्पांसाठी. तुझ्यावर एक काम सोपवलं होतं, आजा. कॉलेज माझं मी बघितलं होतं. पप्पा तेवढे तुझ्यावर सोडले होते."

"मी तुना दगा देईन असा वाटला व्हता काय?"

तिनं एक बोंबील उलटला, दुसरा उलटला. "तू खोटं बोलतोस हे मना ठाऊकच होतं. मजा यायची. पण माझ्याशी शपथेवर खोटं बोलशील असं न्हवतं वाटलं. फॉर्म आधी भरला तो नुसता सवयीनं. इंजिनाचा एक बेल्ट जादा ठेवतात तसा."

मग तिनं बोंबलाची टोपली उचलली आणि आत गेली. दार लावलं नाही, पण मी मागून जावं असंही काही नव्हतं.

मी दोन दिवस काढले. चारचौघांत सांगितलं तर काय होईल याचा हिशेब मला येत होता. चाळीस वर्षांची लग्नं, बोटी, भावाभावांतल्या वाटण्या, सगळ्यांवर माझा अंगठा. मला वस्तीत पाणी कुणी दिलं नसतं. शिवाय खरं सांगितलं तरी कोण मानणार? देवमाशाचा कान धरणारा मी.

तिसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर गेलो. रतन बोटीच्या तळाचं शेवाळ खरवडत होता. मी सांगितलं. तो हसला, म्हणाला, आता पोरीला वाचवायला देवीवर घालतोस काय? मी त्याचा हात धरला आणि देवळात नेलं. कुणी नव्हतं. दोन फुलं ओली केली आणि म्हटलं, सांग, कुठलं पाडू?

तो म्हणाला, डावं. डावं पडलं. म्हणाला, उजवं. उजवं पडलं. तिसऱ्यांदा म्हणाला, दोन्ही ठेव. आम्ही दोघं खांबाला टेकून बसलो, आणि दोन्ही फुलं वाळून कडक होईपर्यंत दगडावर राहिली.

मला वाटलं, आता मारणार. त्याच्या हातात शेवाळ खरवडायचा पत्रा तसाच होता. त्यानं तो खाली ठेवला.

"काका, मी अठरा वर्षांचा होतो तवा मना अलिबागला आयटीआयमधी डिझेल मेकॅनिकला नंबर लागला व्हता. बापानं कौल लावाया सांगितला. तो बी तूच लावलास."

"व्हय."

"तवा कुठला दाबलास?"

माझ्याकडं त्या घटकेला तीन उत्तरं तयार होती, तिन्ही झकास. एकात तर खुद्द देवी माझ्या स्वप्नात येऊन बोलत होती. त्यातलं कुठलंही त्यानं मानलं असतं, कारण त्याला मानायचं होतं. तो माझ्याकडं अगदी तसाच बघत होता.

"उजवा," मी म्हटलं.

"का?"

"बोटीवर माणूस कमी व्हता."

रतननं मान हलवली, जसं कुणी भाव सांगितला आणि त्यानं तो ऐकून घेतला. मग उठला, पत्रा उचलला, आणि समुद्राकडं न जाता घराकडं गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं बापलेक कराडला गेले. मला कुणी सांगितलं नाही. जागृती कुंपणापलीकडून म्हणाली तेव्हा कळलं. जाताना नेत्रा सगळ्या घरांत पाया पडून गेली, माझं दार तेवढं वगळून. मी जागाच होतो, चहाही जास्तीचा टाकला होता.

रतननं वस्तीत अजून तोंड उघडलेलं नाही. मी त्याला भीत भीत विचारायला गेलो, तर तो बोटीचं इंजिन उघडून बसला होता, वर बघितलं नाही. त्याचं म्हणणं मला जागृतीकडूनच कळतं. ती सांगते, कराडला पोरीची खोली लावून झाली, परतीची गाडी संध्याकाळची होती. नेत्रा म्हणाली, पप्पा, आमचं वर्कशॉप बघता? तिथं एक मोठं डिझेल इंजिन मधोमध कापून ठेवलंय, आतलं सगळं दिसावं म्हणून. रतन त्याच्यापुढं उभा राहिला. मुलांचा तास सुरू झाला, संपला, दुसरा सुरू झाला, तरी तो तिथंच. शेवटी सर येऊन म्हणाले, काका, बसायला खुर्ची देऊ का?

तो नको म्हणाला. गाडी चुकली त्याची.